बिननंबरी चकत्या

निवडणुकीत मत देणं वेगळं आणि आपल्यावरच मतं पडताना बघत बसणं वेगळं. पहिलं मी पुष्कळदा केलंय. दुसरं आयुष्यात एकदाच वाट्याला आलं, तेही भाकरीपायी, आणि खरं सांगते, त्या दिवसांत मी त्या मतदानाच्या नावानं इतकी बोटं मोडली की विचारू नका.

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही कासारवाडीला स्टेशनाच्या अलीकडे दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे एका लहानशा वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर होते. तिथं त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि काम सुटलं. पदरात दोन पोरी. मी सातवी पास, पण सातवीला तेव्हाही कोण विचारत होतं! पिंपरीच्या एका मोठ्या, गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायला बाई हवी असं कळलं आणि मी जाऊन उभी राहिले. मॅनेजर म्हणाले, एक करून दाखवा. मी थापली, तव्यावर टाकली, ती टम्म फुगली. उद्यापासून या म्हणाले.

तिथं आधीच्या पाच जणी होत्या, मी सहावी. रोजंदारीवर. पाची जणी आसपासच्या गावच्या, दोन वर्षं तिथं मुरलेल्या. कामगारांत निम्म्याहून जास्त लोक मावळातले आणि खेडकडचे. त्यांना पाव म्हणजे आजारी माणसाचं खाणं वाटायचं, म्हणून कंपनीनं भाकरी सुरू केलेली. सहा तवे ओळीनं मांडलेले आणि मध्ये एक मोठी दुरडी. सगळ्या जणींच्या भाकऱ्या त्या एकाच दुरडीत पडायच्या. कुठली कुणाची हे करणारीलासुद्धा ओळखू यायचं नाही. ही दुरडी लक्षात ठेवा, पुढचा सगळा तमाशा तिच्यामुळेच झाला.

तीन महिने छान गेले. मग वैशाखी पौर्णिमा आली. मी मॅनेजरांकडे एक दिवसाची सुट्टी मागितली. माझ्या शेजारच्या तव्यावर थेरगावची एक बाई बसायची. बोलायला गोड, कामाला चटपटीत. तिनं विचारलं, "पौर्णिमेला काय असतंय गं तुमच्यात?"

"बुद्धजयंती. आम्ही बौद्ध आहोत."

मी कधी लपवलं नव्हतं आणि कधी दवंडीही पिटली नव्हती. तिनं नुसतं "असं होय" केलं आणि पुढची भाकरी उलटली. मला वाटलं, झालं, विषय संपला. कसला संपतोय!

पंधरा दिवसांत कँटीनच्या फळ्यावर कागद लागला. त्यात माझं नाव नव्हतं, जात नव्हती, काही नव्हतं. भाकरी गार मिळते, चावत नाही, रांग लांबते, सबब भाकरी बंद करून चपाती व पाव सुरू करावे. खाली सह्यांची माळ. पहिली सही पेंटशॉपमधल्या एका जाड मिशीवाल्याची. दोन वर्षं ही भाकरी कुणाच्या दाताला लागली नव्हती, आणि आता एकाएकी सगळ्यांचे दात हलायला लागले! पण बोलायचं कुणाला? कुणी मला वाकडा शब्द बोललं असतं तर मी उलटून दहा बोलले असते. कागदाशी कसं भांडणार? दुरडी एक होती. माझ्या हातचं टाळायचं तर सगळी भाकरीच टाळायला हवी, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं, आणि बोलणं चाललं होतं दातांचं.

कँटीनची एक कमिटी होती, पाच कामगारांची. त्यांतले चौघं म्हणाले, सह्या एवढ्या आहेत तर करून टाकू चपाती. चपातीचा आचारी बाहेरून येणार होता, म्हणजे आम्ही सहाही जणी घरी. पाचवे होते टूलरूममधले एक वयस्क फिटर, चिखलीचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. ते अडून बसले. "पाच टाळक्यांनी ठरवायचं न्हाई. सह्या करनारे तेवढंच जेवत्यात व्हय? जो हितं खातोय त्या हरेकाला इचारा."

मॅनेजर वैतागले. "अहो, असं प्रत्येक गोष्टीला लोकांना विचारत बसलो तर कारखाना चालवायचा कधी? उद्या म्हणाल गाडीला रंग कुठला लावायचा त्याचीही मतं घ्या!"

"रंग खायचा नसतोय साहेब," दादा म्हणाले. लोक हसले, आणि मतदान ठरलं.

दादांना वाटलं त्यांनी माझ्यावर उपकार केले. मला वाटलं माझं कपाळ फुटलं. चार जणांनी आतल्या आत काढून टाकलं असतं तर मनाची समजूत घालता आली असती, की बाबा चार माणसं वाईट निघाली. आता सगळा कारखाना सांगणार होता, तुझ्या हातचं नको.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचा मतदानावर भारी विश्वास. मत म्हणजे माणसाची किंमत, एक माणूस एक मत, साहेबाचंही एक आणि झाडूवाल्याचंही एक, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खुश होऊन म्हणाले, "उत्तम झालं! लोकांपुढं जाऊ दे. लोक बरोबर निर्णय देतात."

माझं डोकंच फिरलं. "लोक? कुठले लोक? उद्या चौकात तुमच्या तुटक्या हातावर मतं घेऊ का, की असला माणूस गल्लीत राहावा का राहू नये? मग सांगा मला बरोबर निर्णय!"

मला लगेच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. त्यांनी डाव्या हातानं ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाले, "तुझं खरं आहे. पण न विचारताच काढलं असतं तर ते बरं होतं का?" हा सवाल मी अजूनही मनात घोळवते.

आता मतदान कसं घ्यायचं? चिठ्ठ्या लिहायच्या तर निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. हात वर करायचे तर सगळे एका वेळी जेवायला नसत. मग कमिटीतल्या एकानं डोकं चालवलं. जेवण झालं की प्रत्येक जण आपलं ताट धुण्याच्या हौदात टाकतो, आणि हौद आहेत दोन. दाराजवळच्या हौदात ताट टाकलं तर चपाती, भिंतीकडच्या हौदात टाकलं तर भाकरी. संध्याकाळी ताटं मोजायची. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. दादासुद्धा म्हणाले, झ्याक.

त्या दिवशी मी तव्यावरून मान वर केली नाही. कान मात्र हौदाकडे. ताटं आदळत होती ती सगळी दाराकडं. धाड धाड धाड! भिंतीकडून मधूनच एखादं. दोन्ही पाळ्यांची जेवणं उरकली तेव्हा दाराजवळचा हौद काठोकाठ आणि भिंतीकडच्यात तळाला चार ताटं.

मोजायची गरजच नव्हती. मॅनेजर म्हणाले, "सोमवारपासून चपाती. बायांनो, शनिवारपर्यंत या." पेंटशॉपवाला मिशीला पीळ देत निघून गेला. थेरगावची बाई परात घासता घासता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आधीच सोडून गेली असतीस तर आमचं तरी राहिलं असतं." बाकीच्या चौघींनी माना डोलावल्या. त्यांना ते पटलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही पटलं होतं. पाच घरांच्या चुली माझ्यामुळं थंड होणार, हा विचार त्या रात्री काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांना सांगणार होते की मी आजच जाते, या पाच जणींचं बघा. पदर खोचून निघालेही. तेवढ्यात ताटं धुणारी मावशी हौदापाशी कुणावर तरी करवादत होती. पार वाकलेली म्हातारी, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. दादा पाणी प्यायला आले होते आणि ती त्यांना हात नाचवून सांगत होती, "आवं, कसलं मत न् कसलं काय! ती ताटं रोजच दाराकडं पडत्यात. भोंगा झाला की पळत्यात मेले, भिताडाकडं कोन वळतंय? आज बघा की. आज हाय का काय मतदान? तरीबी त्योच हौद भरलाय!"

दादांनी हौदात वाकून बघितलं. मी बघितलं. दाराजवळचा हौद कालच्यासारखाच भरलेला, भिंतीकडच्यात पाच-सहा ताटं.

दादांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं तिच्या! आमी मतं मोजली का पळनारी मानसं?" आणि ते असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले. दोन वर्षं ज्या हौदात ताटं पडत होती त्यालाच कमिटीनं मतपेटी केली होती, आणि दोन वर्षं ताटं धुणाऱ्या बाईला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पण परत मतदान घेणं सोपं नव्हतं. पेंटशॉपवाला हटून बसला. "लोकांनी एकदा सांगितलं ना? आता तुमच्या मनासारखं होईस्तोवर विचारत राहणार का?" मला त्याचा राग आला, पण बोलण्यात तथ्य होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. पण दादांनी हौद दाखवल्यावर मॅनेजरांना परत मतदान कबूल करावं लागलं. कमिटीतला एक हळूच मला म्हणाला, "ताई, काळजी नको. परत मतदान घेऊ आणि हौदांच्या पाट्या बदलू. दाराकडं भाकरी. तुम्ही डोळे झाकून जिंकता."

मोह झाला. का होणार नाही? दोन पोरी होत्या घरी. पण म्हटलं, नको. तसं जिंकून रोज तव्यापुढं बसायचं आणि दुरडीला हात घालणाऱ्या प्रत्येकाकडे बघून वाटत राहणार, हा घेतोय खरा, पण याला नकोय. काय असेल ते एकदा खरं कळू दे.

मीच मग सुचवलं, गेटवरचे पितळी बिल्ले वापरा. प्रत्येक कामगाराकडे हजेरीचा बिल्ला असायचा, त्याच्यावर त्याचा नंबर ठोकलेला. दोन डबे ठेवा, बिल्ला हव्या त्या डब्यात टाका. पळता पळता चुकून पडायला नको. आणि मनात दुसरंही होतं, ते लपवत नाही. नंबरावरून मला कळलं असतं कोण कोण माझ्या विरुद्ध गेलं ते. मला ती यादी हवी होती. अगदी हट्टानं हवी होती.

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मनातलं कळलं असावं. "बाई, नंबर कळून करशील काय? उद्या त्यालाच भाकरी घालायचीय तुला."

मी घुश्श्यातच होते. पण ते ऐकायला तयार नव्हते. त्यांनी प्रेसशॉपमधून गोणीभर चकत्या आणल्या. पत्र्याला भोक पाडलं की गोल तुकडा खाली पडतो ना, त्या. भंगारात जायच्या. सगळ्या सारख्या, दोन्ही अंगांनी कोऱ्या. कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा लावला, आत तेलाचे दोन रिकामे डबे, एकावर भाकरीचं चित्र, एकावर पावाचं, कारण चपातीचं काढलं तर ते भाकरीसारखंच दिसलं असतं. दाराशी उभं राहून दादा जेवून उठणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक चकती ठेवणार. पेंटशॉपवाल्यालाच त्यांनी शेजारी उभं केलं, म्हणजे कुणाला दोन मिळाल्या असं म्हणायला तोंड नको.

पहिल्या माणसानं चकती टाकली आणि खण्णकन आवाज झाला. डबा रिकामा, पत्र्याचा. बाहेर बसलेल्यांनी लगेच ओळखलं. "डावा! डावा वाजला!" घ्या! गेलं गुपित चुलीत. दादांनी मतदान थांबवलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तेव्हा मी उठले. आमच्या तव्यांच्या भोवती रोज पायलीभर पीठ सांडायचं, ते झाडून म्हशीसाठी एका पोत्यात ठेवायचे. ते मी दोन्ही डब्यांत तळाला चांगलं वीतभर ओतलं. दादांनी एक चकती टाकून बघितली. आवाजच नाही. पहिल्या माणसाला त्याची चकती परत दिली, म्हणाले, पुन्हा जा.

आणि मग मला एक आठवलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, जो इथं खातो त्याचं मत, असं तुम्हीच म्हणाला होता. आम्ही सहा जणी आणि मावशी शेवटी इथंच बसून जेवतो. आमच्या चकत्या कुठायत?"

मॅनेजर म्हणाले, त्या रोजंदारीवर आहेत. दादा म्हणाले, "मग उपाशी ऱ्हात्यात का?" पेंटशॉपवाला काहीतरी पुटपुटला, पण त्याला नाही म्हणता येईना, कारण दादांचं ते वाक्य सगळ्यांसमोर बोललेलं होतं आणि मतदान त्याच्यावरच ठरलं होतं. आम्हाला सात चकत्या मिळाल्या. मी आत गेले, माझी टाकली. थेरगावची बाई माझ्यामागून गेली आणि बाहेर आली तेव्हा माझ्या नजरेला नजर दिली नाही. तिनं कुठं टाकली देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी. चकत्या पिठात रुतलेल्या, म्हणून चाळण लागणार आणि चाळण धरायला मीच. आधी पावाचा डबा. पीठ खाली गेलं, वर चकत्या खुळखुळल्या. दादा आणि पेंटशॉपवाला दहा-दहाच्या उतरंडी लावत होते. एक, दोन, सहा, दहा, अजून आहेतच. एवढी माणसं! एवढ्या माणसांना मी नको! नाकात पीठ गेलं की काय कोण जाणे, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग भाकरीचा डबा. चाळण भरली, उलटी केली, पुन्हा भरली. पुन्हा भरली. टेबलावरच्या उतरंडी पावाच्या ओळीला गाठून पुढं गेल्या, आणि तरी चाळणीत खडखड चालूच. मॅनेजर जवळ येऊन बघायला लागले. शेवटी भाकरीची ओळ चांगली दीडपट झाली.

"भाकरी ऱ्हायली," दादा म्हणाले.

मी तिथंच जमिनीवर बसले, मांडीत चाळण, आणि हसत होते का रडत होते ते मला सांगता येणार नाही. एवढं कळत होतं की छातीवरून धोंडा उतरलाय. सोमवारी यायचं होतं. मंगळवारी यायचं होतं. मावशी माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "ऊठ बया, पीठ मळायचंय." थेरगावच्या बाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला. "घे," म्हणाली, आणि माझ्या शेजारी बसली. मी तिला काही विचारलं नाही.

घरी गेल्यावर ह्यांना सांगितलं. त्यांनी "बघ, मी म्हणालो होतो" असं म्हटलं नाही. उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला, त्या दोन बोटांचा. तो हात ते सहसा कुणाला दिसू देत नसत.

सोमवारी जेवणाची सुट्टी झाली आणि रांग लागली. मी दुरडीपाशी वाढायला उभी होते आणि एकेकाचं तोंड निरखत होते. यानं टाकली असेल पावात? की यानं? हा हसतोय, म्हणजे हा आपला. हा खाली बघतोय, म्हणजे तोच. दहा-बारा जणांतच थकले. खाली बघणाऱ्याला नुसती भूक लागलेली असायची. आणि मग पेंटशॉपवाला आला. ताट पुढं केलं. मी भाकरी ठेवली. त्यानं तिथंच उभ्या उभ्या तुकडा मोडून तोंडात टाकला आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "मीठ कमी आहे."

"कालवणात आहे ना? मग भाकरीत कशाला पाहिजे?" मी ताडकन म्हणाले.

मागची रांग खो खो हसली. तोही हसला, मिशीतल्या मिशीत, आणि म्हणाला, "बरं, अजून एक दे."

मी दिली. त्यानं भाकरीला नावं ठेवली होती, भाकरीलाच, मला नव्हे, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी वरची गरम काढून दिली. पुढं नऊ वर्षं मी तिथं भाकऱ्या केल्या आणि नऊ वर्षं तो मिठावरून कुरकुरला. सही त्यानं केली होती, ते फळ्यावर सगळ्यांनी वाचलं होतं. पण पडद्याआड गेल्यावर त्यानं चकती कुठल्या डब्यात टाकली, थेरगावच्या बाईनं कुठल्या, ते मला कळलं नाही. कळलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशीसुद्धा त्यांना वाढू शकले नसते.